वाईट बातमीची रंगीत तालीम

बेलवली, बदलापूर (प.)

ती. मालूताईस,

देवदत्तचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे उल्हासनगरचे जिने चढू देतात ना? इकडे सगळे खुशाल. (पत्र असंच सुरू करायचं हे आबांनी शिकवलंय. खरं काय ते पुढे वाच.)

तुझी भाची राजसी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता तिथे नुसती वर्षं भरून आणि पेपर लिहून भागत नाही. एकेक काम सरांसमोर करून दाखवायचं. त्यांना पटलं, तरच 'ही एकटी करू शकते' असा शेरा. (आमच्या कारखान्यात वर्षं भरली की माणूस फोरमन व्हायचा, मशीनला काय वाटतं, कुणी विचारलं नाही.) सुया, नळ्या, सगळ्यात पोरगी पास. अडली ती नातेवाइकांना वाईट बातमी सांगण्यात. घाबरून तिने एका बाईला भिंतीकडे बघत, अर्ध्या इंग्रजीत, एका दमात सगळं सांगितलं आणि निघून आली. सर म्हणाले, तू सांगितलंस, पण त्यांना कळलं का हे थांबून पाहिलं नाहीस. सोमवारी पुन्हा बघतो. ताई, पोर धड जेवेना. मी डॉक्टर व्हायच्या लायकीचीच नाही म्हणाली.

म्हणून घरातच सराव सुरू केला. रविवारी सकाळी तुझी भावजय विनिता नातेवाईक झाली. राजसीने सांगितलं, आम्ही खूप प्रयत्न केले, पण ते गेले. इथे विनिताने थोडंसं रडायचं ठरलं होतं. (तिने कॉलेजात नाटकात काम केलंय, हे आमच्या घरात विसरू दिलं जात नाही.) तिने असा टाहो फोडला की कुकरची शिट्टी ऐकू येईना. थोड्याच वेळात शेजारच्या द्रौपदीबाई दारात. हातात पिठल्याचं पातेलं, फडक्यात भाकऱ्या, मागे अर्धा मजला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. दार मीच उघडलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत विनिताकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग गेला कोन?" राजसीने त्यांना सगळं समजावलं, हळू, मराठीत, त्यांच्याकडे बघत. बाई हसल्या, पण पातेलं परत न्यायला तयार होईनात. असं जेवण उलट नेत नाहीत म्हणे. शेवटी सगळे पंगतीला बसलो, मयतासकट.

संध्याकाळी पेशंट मी. आजार मीच निवडायचा होता, मी बायपास घेतला. राजसी खुर्ची ओढून समोर बसली. काका, तुम्हाला काय काय माहीत आहे ते आधी सांगा, म्हणाली, आणि थांबली. मी विचारलं, ऑपरेशन नाही केलं तर? आणि मुलीला कसं सांगू? तिने माझा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले. मग हसून म्हणाली, बाबा, तुमचा अभिनय आईपेक्षा बरा.

सोमवारी शेरा मिळाला. पोर पुन्हा जेवायला लागली आहे.

तुझा,
देवू

ता. क. द्रौपदीबाईंचं पातेलं रिकामं कसं द्यायचं, म्हणून शिरा भरून दिला.

आणखी एक ता. क. तो अभिनय नव्हता. अंबरनाथच्या डॉक्टरांनी मला खरंच बायपास सांगितलाय. विनिताला आणि राजसीला अजून माहीत नाही. फोनवर बोललो नाही, कारण आमच्या भिंती तुला कळल्याच आहेत. पुन्हा पिठलं यायचं. तू ये. राजसीला सांगीन मीच. तू फक्त शेजारी बस आणि मी भिंतीकडे बघायला लागलो की चिमटा काढ.