दादाच्या छोट्या बेसच्या तारा

दादा,

तुझी छोटी बेस गिटार खाटेवर ठेवलीय. सकाळी नव्या तारा चढवल्या. जालन्यात मोठ्या बेसच्याच तारा होत्या. त्या लांब, त्यांचं जाड अंग आपल्या खुंटीवर गुंडाळलं जातं अन् तार तुटते. म्हणून औरंगाबादहून आखूड मापाच्या, त्यातही पातळ आणल्या. मळणीयंत्रातून वाचलेल्या तुझ्या दोन बोटांनी त्या दबतील.

आज मंठा गावातल्या लग्नात तुझ्या जागी मी वाजवणार हाय. ऑर्केस्ट्राचे मालक काकासाहेब म्हणाले, "राधाकिसनचं आता जमणार न्हाई, तू ये." मी हो म्हणालो.

हे सांगायला काल तीनदा तुझ्या खोलीत आल्तो. तू तारा नसलेल्या बेसवर बोटं फिरवून राह्यलता. मंग तसाच माघारी फिरलो.

कडूबा