हीटरखालची खुर्ची

२८ डिसेंबर

आइस हॉकीचा सामना पुन्हा हरलो. २–४. माझ्या वहीत मात्र जिंकलो — शंभरातले चौपन्न फटके आमचे. घरच्या मैदानावर गोलकडे मारलेला प्रत्येक फटका मी टिपते. आत गेला, अडला, बाहेर गेला — सगळे. ज्याचे फटके जास्त, बर्फावर चकती जास्त वेळ त्याच्या ताब्यात. गोल काय, नशिबानेही होतो.

ओरेस्टने वही हातातून हिसकावूनच घेतली. "ताई, हेच हवं होतं मला. चकती आपल्याकडे असते, तरी हरतो. मग चूक कुणाची?" माझा धाकटा भाऊ, संघाचा प्रशिक्षक. उत्तर तोंडात तयारच होतं — गोलरक्षकाची.

गोलरक्षक म्हणजे रेमी. एकोणीस वर्षांचा, सस्कॅचेवानच्या पार उत्तरेकडचा. बाहेरून खेळायला आलेली मुलं गावातल्या घरांत वाटून दिलेली असतात. दोन हिवाळे हा माझ्या वाट्याला आलाय. आत्ता स्वयंपाकघरात माझे बटाट्याचे पेरोगी खातोय.

३० डिसेंबर

उणे चौतीस. गाडी सुरू झाली नाही.

१ जानेवारी

ओरेस्ट जेवायला. रेमी दारातला बर्फ उपसायला गेला तसा म्हणाला, "दहा तारखेनंतर खेळाडू बदलता येत नाहीत. नऊला समितीची बैठक आहे. तुझी वही मांडतो."

"आणि पोरगं?"

"मिळाला दुसरा संघ तर मिळाला. ताई, तो नाही गेला तर मी जाईन."

बोर्श्टचं सूप दोनदा वाढून घेतलं त्याने. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आकडे खोटं बोलत नाहीत म्हणून पोरांना बजावलं. आता ज्याला रोज वाढते त्याच्याच मुळावर उठलेय, तेही मोजूनमापून.

३ जानेवारी

रेमीला कळलंय. भांडी पुसता पुसता म्हणाला, "मावशी, तुझ्या त्या टोकाच्या खुर्चीवरून माझी बाजू दिसते का गं?"

"न दिसायला काय झालं? आंधळी आहे का मी?"

"तसं नाही. मधल्या सत्रात मी तुझ्यासमोर असतो, तेव्हा तुझी पेन्सिल सारखी चालते. पहिल्या आणि तिसऱ्यात मी पलीकडच्या टोकाला. तेव्हा तू नुसती हात चोळत बसतेस."

संताप आला. माझ्याच घरात बसून माझी मोजणी काढतो! फडकं टाकून वर निघून आले.

४ जानेवारी

सकाळपासून वही घेऊन बसले. घरचे अठरा सामने, सत्रवार. पहिल्यात आम्ही वरचढ. तिसऱ्यात आम्ही. मधल्यात — अठराच्या अठरा वेळा समोरचे! कुठला संघ असा नेमका मधल्याच वीस मिनिटांत हातपाय गाळतो? कुठलाच नाही. पलीकडच्या टोकाला कुणाच्या पायावर आदळलेले, बाजूने निसटलेले फटके मला दिसतच नव्हते. आणि दर सत्राला टोकं बदलतात, म्हणजे तीनपैकी दोन सत्रं ते टोक आमच्या गोलाचं.

चार वर्षांपूर्वी रिंकमधले बाकीचे हीटर बिघडले, तेव्हा ओरेस्टने स्वतः माझी खुर्ची उचलून टोकाच्या एकमेव चालू हीटरखाली ठेवली होती. माझी संधिवाताची बोटं! किती बरं वाटलं होतं तेव्हा.

रेमीच्या आधीचा गोलरक्षकही याच वहीवर गेला. तो आता खाणीत काम करतो.

६ जानेवारी

आज मधोमध बसले, थंडीत. दोन स्वेटर, वर रेमीचं जाकीट. पेन्सिल दोनदा पडली. शंभरात एक्केचाळीस आमचे. एक्केचाळीस! तरी फक्त एकाच गोलने हरलो, ते त्या पोराने फटके अडवले म्हणून.

ओरेस्टला गाठून सगळं सांगितलं. "थंडीने डोळ्यांना पाणी येतं, चुकलं असेल. एका सामन्यावरून काय ठरवतेस?"

एका सामन्यावरून ठरवू नये, हे मीच त्याला शिकवलेलं. पण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

८ जानेवारी

आई गेली तेव्हा ओरेस्ट पाच वर्षांचा होता. त्याच्या स्केट्सच्या नाड्या मी बांधल्या. पन्नाशी उलटल्यावर आता कोण नोकरी देणार त्याला? रेमी तर परकं पोर, मोसम संपला की जाणारच. काही मागतही नाही तो. बॅग भरून दाराशी ठेवलीय, बस.

जुनीच वही देणार आहे. सहा तारखेचं पान फाडून ड्रॉवरमध्ये ठेवलं. लाज वाटते.

९ जानेवारी

बैठकीआधी रिंकच्या राखणदाराला म्हटलं, "वॉल्टर, पुढच्या मोसमाला तरी मधले हीटर दुरुस्त करून घे."

"बिघडलेत कुठे, मार्लीनबाई? ओरेस्टने बंद ठेवायला सांगितलेत. चार वर्षं झाली."

घरी परत गेले, ड्रॉवरमधलं पान आणलं, वहीला टाचलं आणि समितीपुढे ठेवलं. ओरेस्ट माझ्या बोटांकडे बघत बसला होता.