थोरलीच्या मापाचा गाउन

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतात, की कपाटात शोभेला ठेवलाय? इकडे थंडी पडू लागली. सकाळी सुई धरायला माझी बोटं कुरकुरतात. बाकी सगळं ठीक. तुझी गब्दू बरी आहे. तुझी आठवण काढते.

शिवणखोलीच्या खिडकीला नवी काच बसवली. उजेड असा येतो की आपल्या कॉन्व्हेंटमधला शिवणाचा तास आठवतो. माझा रुमाल तू आपला म्हणून दाखवायचीस, आणि सिस्टर तो उलटा करायच्या. म्हणायच्या, "टाका मागून बघायचा असतो."

तर ताई, हे पत्र आता उलटं करते. गब्दू बरी नाही.

तुला आमची थोरली माहीत नाही. सौंदर्यस्पर्धेच्या समितीचे गाउन मी जिथे शिवते, त्या खोलीतला तो कापडी पुतळा. आपल्या देशाला पहिला मुकुट आणून देणाऱ्या मुलीच्या मापाचा करून घेतलेला. पुढे आणखी तीन मुकुट आले आणि थोरलीला हात लावायचा नाही, असा दंडकच पडला. इतर ठिकाणी मुलीचं माप घेऊन कपडा बेततात. आमच्याकडे कपडा थोरलीवर बेततात आणि मुलीला कपड्यात बसवतात.

गब्दू निवडली गेली आणि माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पाठीवरची चेन चार बोटं उघडी राहत होती. समितीच्या बाई म्हणाल्या, "गाउन सैल करायचा नाही हं. चौघी बसल्यात या मापात, ही पण बसेल." बसली. कशी बसली ते मी रोज तिच्या ताटात बघत होते, आणि तुला फोनवर सांगत होते, तयारी जोरात चालली आहे.

पुढचं तू टीव्हीवर पाहिलंस. एवढ्या देशांतून दुसरी. पेपरात काय आलं? 'मुकुट हुकला.' विमानतळावर तिला घ्यायला मी आणि टॅक्सीवाला, एवढेच. तो बिचारा म्हणाला, "जाऊ दे ताई, पुढच्या वेळी नक्की." या स्पर्धेत पुढची वेळ नसते, हे त्याला कोण सांगणार?

स्पर्धेच्या वेळी तिच्या खोलीत एका चिमुकल्या बेटावरची मुलगी होती. त्यांच्या देशाचं नाव आजवर कधी पुकारलंच गेलं नव्हतं. ती पहिल्या पंधरांत आली आणि तिथेच थांबली. तर तिला घ्यायला म्हणे अख्खं गाव धक्क्यावर लोटलं, शाळा सोडून दिल्या. गब्दू हे उशीवर डोकं ठेवून अगदी शांतपणे सांगत होती. मग म्हणाली, "मावशी, ती पंधरांत आली म्हणून तिची आई फोनवर रडली. मी दुसरी आले म्हणून माझी पण आई रडली."

त्या फोनवर तू काय म्हणालीस, ते तिने मला सांगितलेलं नाही. विमानतळावर मी शेजारीच उभी होते, मला ऐकू आलं. "चार-चार जणी जिंकून आल्या, मग तुझ्यातच काय कमी पडलं?" तू दुष्टपणाने बोलली नाहीस, ताई. तू शेजारपाजाऱ्यांना आधीच बोलावून ठेवलं होतंस. तोंडघशी पडलं की माणूस बोलून जातो. पण पोरगी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसली. आणि तिला ते सापडलं. कमी काही नव्हतं म्हणे, अंगावर जास्त होतं.

त्यानंतर तिचं खाणं सुटलं. ही आपली गब्दू, जी उशीखाली बिस्किटं ठेवून झोपायची! गेल्या आठवड्यात ती शिवणखोलीत तो गाउन घालून उभी होती. खांद्यांवरून घसरत होता. "मावशी, अजून आत घे ना. थोरलीवरून बघून घे." थोरलीपेक्षा ती केव्हाच बारीक झाली होती, ताई. तिला ते दिसत नव्हतं.

मी समितीच्या बाईंकडे गेले. पोरगी आजारी आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे दुसरं येणं लागतंच मनाला. आपला इतिहासच तसा आहे." हे सांगताना मान ताठ. पलीकडे पुढच्या वर्षीची मुलगी थोरलीशेजारी श्वास आत ओढून उभी होती. मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले.

परवा गब्दू न्हाणीघरात पडली. हे पत्र मी हॉस्पिटलातून लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले, उपासाने हृदय थकलंय, प्रयत्न करतोय, पण शब्द देत नाही. महिनाभर तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून तोच टॅक्सीवाला आज तिकडे येतोय, त्याच्या हाती हे देते. परतताना त्याच्या गाडीत एक जागा रिकामी आहे.

दार वाजलं की ती डोळे उघडते. नर्सने विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हणाली, "कुणाची नाही."

ये. आल्यावर मुकुटाचं काढू नकोस. आणि 'दुसरी आलीस तरी चालेल' असंही म्हणू नकोस. चालवून घ्यावं असं तिने काही केलेलं नाही. लहानपणी ताप आला की तू तिचे पाय मांडीवर घेऊन बसायचीस, तशी नुसती बस. मी सकाळपासून चोळते आहे, पण पाय गरम होत नाहीत.

तुझी धाकटी,
आणि तू येईपर्यंत, तुझ्या जागी.