शुक्रवारच्या दोन अधोल्या

आई, तुझी तांदूळ मोजायची पितळी अधोली इतकी वर्षं इथे परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या रॅकवर चाव्या आणि घडीच्या छत्र्या सांभाळत बसली होती. या शुक्रवारी तिला चिंचेने घासून स्वयंपाकघरात नेली. का, ते तुलाच सांगायला हवं. ओमर या जुन्या मापाचा हिशेब कळणारं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

अलिबागच्या घरी रोज सकाळी तू तांदळाच्या डब्यात ही अधोली बुडवायचीस, वरून हात फिरवून सपाट करायचीस आणि म्हणायचीस, हा आपला ओमर, थोडं इकडेतिकडे. मिसरातल्या गुलामीतून निघालेल्या आपल्या ज्यू पूर्वजांना वाळवंटात रोज आकाशातून पडणारा मान्ना खायला मिळायचा, माणशी एक ओमर. जास्त गोळा करणाऱ्याला उरायचा नाही, कमी करणाऱ्याला कमी पडायचा नाही आणि कुणी उद्यासाठी लपवून ठेवलाच तर सकाळी त्यात किडे. मग आपल्या सात जणांना मिळून एकच कसा, असं मी विचारलं, तर म्हणालीस, ते बिचारे दिवसभर चालायचे, आपण बसून खातो. शुक्रवारी मात्र दोन अधोल्या, कारण शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटायची नाही. तुझ्या शाळेचा पगार थांबला त्या दिवसांतला एक शुक्रवार मला अजून दिसतो. अधोली डब्याच्या तळाला खरवडते आहे, बाबा दारात उभे आहेत आणि तू दुसरं माप भरते आहेस. मी विचारते, रविवारी उरल्यासुरल्याची पेज होईल, मग सोमवारी काय खायचं?

"सोमवारचं सोमवारी बघू. शुक्रवारच्या मापाला मी हात लावणार नाही."

केवढी छाती होती गं तुझी! सोमवारी तांदूळ आलाच. कुठून आणलास ते तू कधी कळू दिलं नाहीस आणि मला आज त्याचंच सगळ्यात कौतुक वाटतं.

माझी नोकरी गेल्या महिन्यात गेली. इथे राहायचे आम्हा तिघांचेही पास माझ्या नोकरीवर. दुसरी मिळाली नाही तर लेकीची शाळा अर्ध्यावर सोडून निघायचं. ऑफिसात कुजबुज सुरू झाल्यापासूनच मी वेड्यासारखी तांदळाची पोती आणून बॉम्ब शेल्टरमध्ये रचत होते. जाड भिंतींची, बिनखिडकीची ही खोली इथल्या घरांत असते आणि सगळे तिची अडगळ करून टाकतात. नवरा म्हणाला, निघायची वेळ आली तर ही पोती विमानात घालणार आहेस का? मी त्याच्यावर खेकसले. शुक्रवारी दुपारी लेक आत डोकावली आणि अगदी शांतपणे इथल्या बोलीत म्हणाली, "मम्मा, द राइस इज मूव्हिंग लाह."

आधी रडले, मग हसू आवरेना. इथल्या दमट हवेत बंद खोलीत तांदूळ किडणारच, त्याला चमत्कार कशाला हवा! पण लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेल्या बाईने हे करावं? किडलेलं सगळं फेकलं, धड पोती शेजारीपाजारी वाटली. मग अधोली घासली, स्वयंपाकघरातल्या डब्यातून दोन मापं काढली, वालाचं बिरडं केलं आणि दिवा लावून समोरच्या फ्लॅटमधल्या नागपूरच्या जोडप्याला जेवायला बोलावलं. दोघंही संशोधक, पासची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर. बऱ्याच दिवसांनी या घरात कुणी नोकरीविषयी बोललं नाही. नवऱ्याने दोनदा भात मागून घेतला.

सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. तू तर या जगात नाहीस, हे पत्र पाठवायचं कुठे, तेव्हा अधोलीतच घडी करून ठेवते. एक सांगायचं राहिलं. निवडलेला अधोलीभर तांदूळ मी काचेच्या बरणीत वर ठेवलाय. लेकीला सांगितलं, पुढच्या पिढ्यांनी पाहावा म्हणून तेव्हाही एक ओमर असाच भांड्यात जपला होता. तिला ते पटलं. तुला पटणार नाही. मला सोमवारची भीती वाटते, म्हणून ठेवलाय.