कृष्णनाथबाब बरे आहेत

३ नोव्हेंबर, डिचोली

खोली मिळाली! सकाळी खालून पाववाला पोदेर भोंगा वाजवत जातो. गरम पोई घेतली, चहात बुडवून खाल्ली आणि घरी फोन केला. आईने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, अर्चना, बसायला खुर्ची आहे ना गं? आमच्या घरात आजवर कुणी खुर्चीत बसून पगार घेतलेला नाही. म्हटलं, खुर्ची नाही, पण स्कूटर आहे.

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आहेत आणि छातीत कातडीखाली त्यांना वीज देणारं यंत्र. हात थांबले का, ते डॉक्टर बघतात. माणूस बरा आहे का, हे मी घरी जाऊन विचारायचं. झोप, भूक, आनंद, जगण्याची गोडी. प्रत्येकाला दहापैकी गुण. कामावरचे वरिष्ठ, संदीपसर, यांनी बजावलं, फक्त विचारायचं, यंत्राशी आपला संबंध नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं. एरवी कोण कुणाला असं बसून विचारतं?

७ नोव्हेंबर

चोपडे गावच्या शांताकाकी म्हणाल्या, नवऱ्याचा हात थरथरायचा तेव्हा चहा सांडून बिचारा गप्प बसायचा. आता थेंब सांडत नाही, आणि साखर कमी म्हणून घर डोक्यावर घेतो. त्याने स्वतःला सहा गुण दिले. मी हसत हसत निघाले.

मग मुळगाव. कृष्णनाथबाब. देवळासमोर गावाचं गाऱ्हाणं तेच घालायचे. ते सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलणार आणि प्रत्येक वाक्याला गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणणार. आजारात तो आवाज गेला. यंत्राने हात थांबले, आवाज परत आला नाही. कुजबुजतात. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: बरें आसा. सगळीकडे दहा. त्यांची बायको, देवकीकाकी, सारा वेळ माझ्याकडे बघत होती. त्यांच्याकडे नाही.

१८ नोव्हेंबर

देवकीकाकीने मला मागल्या दारी नेलं आणि सुपाऱ्या सोलता सोलता सांगितलं. यंत्र बसवल्यावर दोन महिन्यांनी तिचा झील, मुलगा गौरेश, मोटारसायकलवरून पडून गेला. बापाने खांदा दिला, हात जराही न कापता. डोळ्यांत टिपूस नाही. तेराव्याला पंगतीत फिरून हसत विचारत होते, जेवण बरें जालां मू? आता वर्षश्राद्ध आलं. ती म्हणाली, बाय, मी एकटीनेच किती रडू? झील दोघांचो न्ही?

संदीपसरांना सांगितलं. ते म्हणाले, गुण बघ ना, असा रुग्ण दुसरा नाही आपल्याकडे.

२७ नोव्हेंबर

इब्रामपूरची चढण, ट्रकांची लाल धूळ, कंबर मोडून आली आहे. पोई तोंडात नुसती फिरते. दिवसभर कसे आहात विचारत हिंडते आणि मला कुणी विचारत नाही.

आज कृष्णनाथबाबांनी विचारलं. माझेच प्रश्न, माझ्याच क्रमाने, कुजबुजत. मग उत्तराची वाट बघत बसले. देवकीकाकी वैतागली, म्हणाली, पोरीचा चेहरा बघा, ती मेलीय दमून, तिला कसले प्रश्न! त्यांची पापणी हलली नाही. मी उत्तर दिलं नाही. का, सांगता येत नाही.

६ डिसेंबर

उद्या श्राद्ध. यंत्राचा रिमोट घरीच असतो. त्यावरचं इंग्रजी काकीला कळत नाही. तिने माझा हात धरला. थोडाच वेळ बंद कर, एकदा रडू दे, मग लाव. मी नाही म्हटलं. परत नाही म्हटलं. मग तिने गौरेशचा फोटो पदराने पुसला आणि त्यांच्यासमोर धरला.

मी बटण दाबलं.

आधी बोटांना कंप सुटला, मग दंडांना, मग हनुवटीला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. काकी रडत रडत हसली. आणि त्या थरथरत्या तोंडातून आवाज आला. कुजबुज नाही. खणखणीत, देवळासमोरचा. बरें आसा.

पाणी वाहतंय, अंग हलतंय, आणि आवाज मात्र स्थिर. कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

मी घाईने यंत्र लावलं. हात थांबले. डोळे कोरडे. आवाज थांबला नाही. देवकी बरी आसा, म्हणाला.

काकीने डोळे पुसले. फोटो पालथा ठेवला. व्हय म्हाराजा, म्हणाली.

७ डिसेंबर

श्राद्धाला गेले. जायला नको होतं. काकी वाढत होती, हसत, प्रत्येकाला विचारत — जेवण बरें जालां मू? गौरेशचं नाव कुणीच काढलं नाही. सगळे बरे. दारातच कृष्णनाथबाबांनी मला पाहिलं. अर्चना बरी आसा — सगळी पंगत माझ्याकडे वळली, माझ्या उत्तरासाठी —

ओठ दाबून धरले. पळाले.

९ डिसेंबर

संदीपसर खूश. मुळगावहून फोन आला, घरच्यांचेही गुण दहा, म्हणाले. त्यांना सांगू लागले तर — नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले, सगळं बरं आहे की —

११ डिसेंबर

आईचा फोन. दमलीस का गं, विचारलं. पहिल्यांदाच कुणी. हो म्हणायचं होतं. तोंडातून — दहा. दहापैकी दहा. आई हसली. बरं झालं, म्हणाली. आई, थांब —

ठेवला तिने.

१२ डिसेंबर

पोदेर आला. भोंग्यामागून तो आवाज, खाली रस्त्यावर. माझं नाव. लोक उत्तर देतायत, एका सुरात —

जीभ ऐकत नाही. हात अजून माझा आहे. लिहून ठेवते. मी दमले आहे. मी दमले आहे. मी दमले. मी दम— मी बरी