पिंजाऱ्याचा वर राहिलेला हात

गुरुजी, तुमची सवालांची वही माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर काकूंनी ती माझ्या हातात ठेवली होती. "त्यायनं तुलेच द्याले सांगतली होती माय," असं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला नोकरी लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. लांबट वही, लाल कापडाची पाठ, पानोपान तुमचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. शाळेत पाहुणा आला की मुलांनी त्याला काय काय विचारलं ते तुम्ही तिच्यात टिपून ठेवायचे, पुढे विचारणाऱ्याचं नाव. उत्तर कुठंच नाही. मी आज अमरावतीला राजापेठेत बहिणीकडे बसून तीच वही उघडली आहे. दुपारचे चार वाजलेत. बहिणीच्या घराखाली शिकवणी वर्ग आहे, तिथली मुलं एका सुरात काहीतरी पाठ करतायत आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत. सकाळी मी एका सभागृहात एक अहवाल वाचून आले. त्याबद्दल कुणाला तरी सांगायचं आहे, आणि ज्याला सांगावं असा जिवंत माणूस काही आठवत नाही.

तुमचे शनिवार आठवतात. सकाळची शाळा असायची आणि शनिवारी दप्तर आणलं की तुम्ही ते कपाटात कोंडायचे. कधी आम्हाला बार्शीटाकळीच्या स्टेशनावरून छोट्या गाडीत बसवून अकोल्याला जिनिंग पाहायला न्यायचे. सरकीपासून रुई सुटताना पाहिली ती तिथंच, आणि परत येताना आमच्या सगळ्यांच्या केसांना इतका कापूस चिकटला होता, की स्टेशनमास्तर म्हणाले, "गुरुजी, शाळा आनली का म्हाताऱ्यायची वरात?" कधी रस्त्यानं बहुरूपी जाताना दिसला तर गणिताचा तास सोडून तुम्ही धावत जायचे आणि त्याला हाताला धरून वर्गात आणायचे. आमची मंडळंही होती. सायकलचं पंक्चर काढणारं एक, पाखरांची घरटी शोधून नुसतं पाहणारं एक, आणि नाटकाचं एक, ज्यात मी कायम राणी व्हायचे कारण साडी फक्त माझ्या आईची मिळायची. कुणाची परवानगी नाही, कसला फॉर्म नाही. आता मी मुख्याध्यापक आहे म्हणून सांगते, तुमच्यावर तेव्हा किती कारवाया होऊ शकल्या असत्या याचा विचार करून मला आजही घाम फुटतो.

पण पाहुण्याच्या बाबतीत तुमचे दोन नियम कडक होते. पाहुणा शाळेत आला की तो तुमच्या खुर्चीवर बसायचा आणि तुम्ही आमच्यात, खाली चटईवर. मग तो चांभार असो की तहसीलदार. दुसरा नियम, पाहुण्याला तेच विचारायचं जे आपल्याला खरंच माहीत नाही. त्या दुसऱ्या नियमापायी मी चौथीत सगळ्यांसमोर रडले आहे.

गावातले पिंजारीचाचा आले होते त्या शनिवारी. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात, माझ्या बाकावर. चाचा तुमच्या खुर्चीवर नुसते टेकले, घाबरून, आणि लगेच खाली उतरून म्हणाले की पिंजण खुर्चीवरून चालत नाही. माणसाएवढं ते लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात, आणि हातात लाकडाचा ठोकळा. त्यांनी तातीवर पहिला ठोका मारला आणि तो आवाज थेट पोटात शिरला. दडपलेला जुना कापूस तातीला लागून उडायला लागला, फुगायला लागला, आमच्यापैकी दोघं शिंकत सुटले. मग सवालांची वेळ आली. मी हुशार ना, पहिला हात माझा. "कापसापासून काय काय बनते?" मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुले ठाऊक हाये ना ते? पुस्तकात हाये. मंग काहून विचारून राहिली? पाहुन्याचा टाइम खाऊ नोको." मी रडले. तुम्ही समजूत वगैरे काढली नाही, नुसते थांबून राहिलात, अख्खा वर्ग थांबून राहिला. शेवटी नाक पुसता पुसता माझ्या तोंडून निघालं, "चाचा, तुमच्या नाकात कापूस नाई जात का?" चाचा इतके हसले! रोज गूळ खातो, रात्री खोकतो, असं सगळं सांगितलं. माझा तो सवाल वहीत आहे, माझ्या नावासकट. त्याखाली एकाचा सवाल आहे, कापूस पुरा पिंजला गेला हे कसं समजते. आणि त्याच्याखाली चाचांच्या मुलाचा. तो उभा राहिला आणि आपल्या बापाला सगळ्यांसमोर विचारता झाला, "अब्बा, तुमी शाळेत काहून नाई गेले?"

चाचांनी पिंजण खाली ठेवलं, थोडा वेळ तातीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कोनी बुलावलंच नाई बेटा. आज गुरुजीनं बुलावलं, तं आलो."

तुम्ही ते उत्तर वहीत लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. आम्ही वर्गातले जे कोणी अजून हयात आहोत, त्यांना ते पाठ आहे.

आता शनिवार वरून येतात, गुरुजी. दप्तराविना शनिवार, पाहुणा, क्षेत्रभेट, छंदमंडळ, सगळं ठरवून दिलेलं. कल्पना तुमचीच म्हणा ना, फक्त तिला रकाने पडलेत. उपक्रमाचं नाव, उपस्थिती, फोटो तीन, आणि शेवटचा रकाना, विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न, किमान तीन. अहवाल अकराच्या आत गेला पाहिजे. शाळेत नेटवर्क मिळतं ते फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, आणि दोन शिक्षकांत पाच वर्ग सांभाळताना नाकीनऊ येतात. म्हणून मी शहाणी झाले. शुक्रवारीच अहवाल लिहून ठेवायला लागले. मुलं उद्या काय विचारतील हे आज कसं कळणार? मग मी तुमची वही काढायचे. कुंभार येणार असेल तर कुंभाराचं पान, पोस्टमन असेल तर पोस्टमनचं. बोली तेवढी पुस्तकी करून घ्यायची की झालं काम. किती वर्षं करतेय हे मोजलेलं नाही. कागदी घोडे नाचवायला तुमचा तबेला माझ्या कामी आला.

मध्यंतरी एका शनिवारी मी पिंजारी बोलावला. म्हणजे तोच, माझ्या बाकावरचा, चाचांचा मुलगा. चाचा जाऊन खूप वर्षं झाली, हा आता मशीनवर गाद्या-रजया भरतो, पण बापाचं पिंजण त्याच्या घरी आढ्याला गुंडाळून टांगलेलं होतं. त्याची नात माझ्या चौथीत आहे. आठवडाभर ती वर्गात एकच सांगत होती, "आमचे दादा पिंजन वाजवनार हायेत." तो आला ते पिंजण घेऊन. तात जुनी होऊन तुटली होती, म्हणून अकोल्याला जाऊन शोधून शोधून नवी आणली होती आणि दोन दिवस बसून ताणली होती. हे त्यानं मला अगदी सहज सांगितलं, चहाच्या कपात पाहत. एका बाकावर बसलेला माणूस मला मॅडम म्हणतो, तुम्ही म्हणतो, आणि मीही ते ऐकून घेते. मी त्याला माझी खुर्चीही दिली नाही, कारण खुर्चीवर फायली होत्या.

साडेदहा झाले होते. ग्रुपवर निरोप आला की अहवाल राहिलेल्या शाळांची यादी वर जाणार आहे, शिवाय एक माहिती ताबडतोब भरून द्यायची आहे. मी मुलांना गोल बसवलं, मधे कापसाचा ढीग, त्याला म्हटलं, "भाऊ, ठोकळा वर धरा. हो, असाच हात ठेवा. हलू नका." त्यानं हात वर धरला. मी तीन फोटो काढले, एक आडवा, दोन उभे. मुलं ओरडत होती, "वाजवा ना, वाजवा ना." मी म्हटलं, "भाऊ, आज जरा घाई आहे, पुढच्या शनिवारी निवांत करू." त्याचा हात अजून वरच होता. मग तो त्यानं हळूच मांडीवर ठेवला. "हाव मॅडम, काई हरकत नाई," म्हणाला आणि पिंजण पुन्हा चादरीत गुंडाळलं. मी टाकीच्या पायऱ्यांकडे धावले. पुढच्या शनिवारी परीक्षेचं काहीतरी निघालं, त्याच्या पुढच्या शनिवारी काय निघालं ते मला आठवतही नाही.

आणि घोडं नेमकं तिथंच शर्यत जिंकलं. अमरावतीच्या कार्यक्रमात वाचायला आमच्या शाळेचा तो अहवाल निवडला गेला. वरून फोन आला, "मॅडम, तिसरा प्रश्न काय जबरदस्त आहे हो! एवढ्याशा मुलाला सुचला कसा?" तिसरा प्रश्न होता, 'काका, तुम्ही शाळेत का गेला नाहीत?' मी वहीतून उतरवला होता. ज्याला विचारल्याचं मी लिहिलं तो सातवीपर्यंत शिकलेला आहे, तुमच्याच हाताखाली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. घाईत माणूस चोरीसुद्धा नीट करत नाही.

आज सकाळी तो अहवाल मी इथं वाचला. पडद्यावर त्याचा फोटो होता, भिंतीएवढा, वर उचललेला हात. तिसऱ्या प्रश्नाला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मला एक प्रमाणपत्र आणि कुंडीतलं रोपटं मिळालं. बोलायची संधी होती, गुरुजी. माइक माझ्याच हातात होता. मी आभार मानले.

जिना उतरताना त्याचा फोन आला. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी कार्यक्रम टाकला होता, फोटो आणि अहवालासकट, आणि नातीनं तो अहवाल आजोबाला वाचून दाखवला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं, मीच आधी बोलायला लागले, अरे ते असं झालं, वेळ नव्हता. त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, "तिसरा सवाल माहा होता."

"हो," मी म्हटलं, "तुझाच."

"अब्बाले विचारला होता मी. लोकायनं टाळ्या वाजवल्या म्हन्ते." मग त्यानं सरळ विचारलं, "आता मले सांग, पुढच्या शनिवारी येऊ का? पन पयले सांग, फोटो पाह्यजे का पिंजून दाखवू?" इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा तू म्हणाला.

मी म्हटलं, पिंजून दाखव. खुर्ची रिकामी करून ठेवते. "थांब, हिले बोलाचं हाये," म्हणून त्यानं फोन नातीकडे दिला. ती पोरगी वर्गात माझ्यापुढे तोंड उघडत नाही. फोनवर मात्र तिनं घसा साफ केला आणि विचारलं, "मॅडम, फोटोत दादानं हात वरते केला हाये. तं मंग खालते काहून नाई आनला?"

मी म्हटलं, शाळेत आल्यावर सांगते. आणि फोन ठेवला.

गुरुजी, मी थकले आहे. उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याला, तिथून शाळेत, आणि शाळेत पहिली ती भेटेल. प्रमाणपत्र मी परत करणार नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही, खोटं कशाला बोलू. हे पत्र वहीतच राहील, पिंजारीचाचांच्या पानावर. मघाशी वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही शेवटी बरीच पानं कोरी ठेवून ती माझ्याकडे पाठवली होती. एवढ्या वर्षांत मी तिच्यातून घेतच राहिले, माझ्या एकाही मुलाचा सवाल तिच्यात लिहिला नाही. आज एक लिहिला, त्या नातीचा, तिच्याच बोलीत, पुढे तिचं नाव. तुमचा नियम तिनं पाळला आहे, तिला खरंच माहीत नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि ते तिला सांगायची मला भीती वाटते.