आपल्याच घरी लागणारी डीव्हीडी

चौबे कॉलनी, रायपूर

प्रिय रुचिता,

पार्सलमध्ये डीव्हीडीबरोबर पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझ्या बाबांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. ते बुढापारा बाजारात कसलीशी वायर आणायला गेलेत. दुकानदाराशी हुज्जत घातल्याशिवाय परत यायचे नाहीत, तेव्हा मला सवड आहे.

दुसरीही डीव्हीडी तुझ्याकडे पुण्याला लागली नाही, हे तू मला सांगितलंस तेव्हा ते शेजारीच पेपर धरून बसले होते. सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर मलाच विचारतात, ‘काय म्हणे ते?’ तुझ्या लग्नापासून हे असंच चाललंय. तू त्यांच्याशी बोलत नाहीस, ते तुझ्याशी बोलत नाहीत, आणि मधे मी टपालखातं. आता सवय झाली आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही.

तर ती कॅसेट. रेल्वे कॉलनीतल्या जयंती उत्सवाच्या कार्यक्रमात तू भाषण विसरून रडायला लागलीस, ती. शार्दूलला बायकोचं लहानपण दाखवायचं आहे म्हणालीस म्हणून मी माळ्यावरून खोका उतरवला. कॅसेटला पांढरी बुरशी धरली होती. बाबांनी ती उघडली, फीत पुसली, व्हीसीआरचं हेड स्पिरिटनं साफ केलं. चित्र वरखाली पळत होतं तेही बसवलं. मग जुन्या बाजारातून डीव्हीडी रेकॉर्डर आणला आणि घरात कारखाना सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर वायरी, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. जन्मभर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले ना, बिघाड दिसला की माणूस खुलतो.

कॅसेट मी त्यांच्याबरोबर पाहिली. तू निळ्या फ्रॉकमध्ये, मी तुला उचलायला स्टेजवर धावतेय, आणि ते कुठेच नाहीत. नेहमीसारखेच कॅमेऱ्याच्या मागे. फक्त आवाज येतो, ‘बोल ना बेटा, काहून थांबली? मी हाओ ना इथं.’ तो आवाज ऐकून ते उठले आणि उगाचच पंख्याचं बटण बघून आले.

कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शामरावांनी अभनपूरला झालेल्या त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट आणून दिली, समोरच्या सोनियानं तिच्या बारशाची. शूटिंग यांचंच, तेव्हा नाही कसं म्हणणार? सोनिया दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडली, ‘अंकल, एकदम क्लियर चल रही है!’ शामरावांकडेही लागली. त्यांच्या व्याह्यांकडेही लागली. फक्त पुण्याला गेलेली तेवढी लागत नाही. मी विचारलं, काहो, असं का? तर म्हणाले, ‘काय मालूम.’ रुचिता, मशीनच्या बाबतीत ‘काय मालूम’ हे शब्द मी या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिथेच मला शंका आली.

मग शामरावांची डिस्क तयार होत असताना मी शेजारी भाजी निवडत बसले. शेवटी रिमोटवरून एक काम करावं लागतं, त्याला फायनलाइज म्हणतात. म्हणजे डिस्क बंद करायची. ते केलं की डिस्क कुठेही चालते. नाही केलं तर जिच्यावर भरली त्या मशीनवर तेवढी चालते, बाकी सगळीकडे कोरी. शामरावांची त्यांनी बंद केली. काल तुझी तिसरी भरली, आणि तिथवर येऊन हळूच डिस्क बाहेर काढली. वर सुवाच्य अक्षरात तुझं नाव लिहिलं. मी भाजीतून मान वर केली नाही.

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. मग वाईटही वाटलं. सगळ्या कॉलनीच्या लेकींची लग्नं यांनी शूट केली, आणि स्वतःच्या मुलीचं लग्न कोर्टात झाल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. शार्दूलबद्दल त्यांनी कधी वाकडा शब्द काढलेला नाही, हे तुला ठाऊक नसेल. ‘मले बोलावलं असतं तर कोपऱ्यात उभा राह्यलो असतो कॅमेरा घेऊन,’ एवढंच एकदा म्हणाले होते. तुझी बाजूही मला कळते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मोडता घातला असता, यात शंका नाही.

तुझी डीव्हीडी लागली नाही असं कळलं की ते दिवसभर खुशीत असतात. फायनलाइजचं बटण मलाही आता दाबता येतं. काल ते फिरायला गेल्यावर मी रिमोट हातात घेतलासुद्धा, आणि परत ठेवून दिला. म्हणून ही तिसरीही तुझ्याकडे लागणार नाही. तिकडे कुणाला दाखवत बसू नकोस, नवा प्लेअर घेऊ नकोस. डिस्क घे, शार्दूलला घे आणि इकडे ये. ‘ये’ म्हणायला त्यांच्याजवळ एवढा एकच मार्ग उरलाय, आणि मी हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. काल त्यांनी जुना कॅमेराही काढून चार्जिंगला लावलाय. तू फाटक उघडशील तेव्हा ते बहुतेक त्याच्याच मागे असतील. कॅमेरा खाली ठेवा म्हणू नकोस. तोंड लपवायला त्यांना तेवढा लागेल.

तुझीच, आणि थोडी त्यांच्याही बाजूची,
आई